माझ्याच देखरेखीखाली

आमच्या गोंडपिपरीकडच्या गावात आणि आजूबाजूच्या टोल्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, मला 'गोळीवाली बाई' म्हणतात. मी आशा कार्यकर्ती आहे. बाळंतपणं, लसीकरण, सर्व्हे, सगळंच करते, पण नाव पडलं ते टीबीच्या गोळ्यांवरून. पेशंट गोळ्यांची पट्टी घरी नेतो, देव्हाऱ्यामागे खोचतो आणि विसरून जातो, हे मी पहिल्याच वर्षी पाहिलं. तेव्हापासून माझा नियम झाला. गोळी माझ्यासमोर गिळायची. गिळली की तोंड उघडायचं, जीभ वर करायची, दोन्ही गाल दाखवायचे. सरपंच असो की मजूर, माझ्यासमोर सगळ्यांनी जीभ वर केली आहे. नाही केली तर मी अशी बोलते की शेजारपाजारचे बाहेर येऊन उभे राहतात.

आणि एक वाक्य मी बारा वर्षं सगळ्यांना सांगत आले. कोर्स अर्धवट सोडायचा नाही. बरं वाटलं तरी नाही, नाही वाटलं तरी नाही.

या वाक्यानं मला पाच महिने कोंडून ठेवलं. कोणी बाहेरून कडी लावली नव्हती, मीच आतून लावली होती. माझ्यासारखं दुसरं कोणी असं बसलेलं असेल तर त्यानं ती कडी काढावी, म्हणून लिहिते आहे. बोलताना मी मले-तुलेच करते, लिहिताना शाळेतलं मराठी येतं. मधे कुठे सुटलं तर समजून घ्या.

गाठ

धान कापणी संपत आली होती. माझी मुलगी प्रज्ञा, कॉलेजात शिकते, ती माझ्या केसांना तेल लावत होती. एकदम थांबली.

"आई, हे काय वो? इथी, कानाच्या खाली."

मी हात लावला. उजव्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याखाली, बोराएवढी गाठ. दुखत नव्हती. मी म्हटलं, "काई नाई, गंडमाळ असन." आणि तिला म्हटलं, तेल लाव, थांबू नको.

खरं सांगते, भीती वाटली होती. मी मूर्ख नाही. धानाच्या रोवणीला जायचे त्या वयात मी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाल्लेला आहे. बायका बांधावर बसून खात, तशी मीही खायचे. आशाच्या ट्रेनिंगमध्ये कॅन्सर झालेल्या तोंडांचे फोटो दाखवले त्या दिवशी सोडला, त्याला दहा वर्षं झाली. म्हणून दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी आरसा घेतला, लोकांची तोंडं पाहायची माझी टॉर्च घेतली, आणि स्वतःचं तोंड तपासलं. गाल पाहिले, हिरड्या पाहिल्या, जिभेच्या कडा पाहिल्या. तीन बोटं उभी घालून पाहिली, आरामात गेली. पांढरा चट्टा नाही, लाल चट्टा नाही, जखम नाही. मी टॉर्च बंद केली आणि स्वतःला पास करून टाकलं.

जिभेच्या मागे, जिथे आरसा आणि टॉर्च पोचत नाही, तिथेही तोंड असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर मला ओळखतात, मीच त्यांच्याकडे पेशंट घेऊन जाते. त्यांनी गाठीत सुई टाकून पाणी काढलं, तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो ना इकडचा ना तिकडचा. सूज आहे, टीबी नाकारता येत नाही, नमुना अपुरा. डॉक्टर म्हणाले, "ताई, चंद्रपूरला जाऊन तुकडा काढून घ्या. मग ठरवू."

तेव्हा काय झालं ते मी लपवणार नाही. मीच म्हटलं, "सर, माझ्याकडं अशा मानेच्या गाठीचे चार पेशंट बरे झाले. मले दिसते ना टीबीच हाय थे. कायले चंद्रपूर? गोळ्या सुरू करा." सर्व्हेचं काम डोक्यावर होतं, आणि खरं म्हणजे मला चंद्रपूरला कोणी काही वेगळं सांगू नये असं वाटत होतं. डॉक्टरांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्या सुरू केल्या. त्यांना बोल लावायला मला तोंड नाही.

कार्ड

टीबीच्या पेशंटचं कार्ड असतं. त्यावर पेशंटचं नाव लिहितात, आणि खाली गोळी कोणाच्या देखरेखीखाली घेतली जाते त्याचं नाव. माझ्या कार्डावर वर माझं नाव आलं. खाली कोणाचं लिहायचं? डॉक्टर म्हणाले, मिस्टरांचं लिहा. मी हसले. माझ्या मिस्टरांना, देविदासांना, गोळीची कोणती बाजू कोणती ते कळत नाही. ते आश्रमशाळेत स्वयंपाकी आहेत, दोनशे लेकरांचा भात शिजवतात, त्यात मात्र हुशार आहेत. मी खालीही माझंच नाव लिहिलं.

पेशंट मी. गोळी देणारी मी. गिळली की नाही ते पाहणारी मी. आणि गोळी लागू पडते आहे की नाही हे ठरवणारीही मीच. आता वाटतं, त्या दिवशी त्या कार्डावर दुसरं कोणतंही नाव असतं, शेजारणीचं असतं, तरी मी लवकर बाहेर पडले असते.

पहिले काही दिवस बरे गेले. गोळ्यांनी लघवी लाल होते. मी पेशंटना सांगते की घाबरू नका, औषध अंगात गेल्याची खूण आहे. मलाही लाल झाली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! जणू रोगच उतरून चालला होता.

वाढली तरी बरोबर, नाही वाढली तरी बरोबर

दीड महिन्यात गाठ बोराची लिंबाएवढी झाली. दुसरा कोणी असता तर पळत सुटला असता. पण मला माहीत होतं, आणि हेच माझं दुर्दैव, की गाठीच्या टीबीत कधी कधी औषध सुरू झाल्यावर गाठ आधी फुगते, मग उतरते. हे मी स्वतः लोकांना सांगितलेलं आहे. प्रज्ञाला तेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, एकदा दाखवून तं घे." मी तिच्यावर अशी तडकले की पोरगी ताट तसंच ठेवून उठली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग उजवा कान दुखायला लागला. कानात मी तेल टाकलं. मग घशात काहीतरी अडकल्यासारखं, माशाचा काटा राहतो तसं. मी म्हटलं, गाठ आतून दाबत असेल. आवाज जाड झाला, तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत.

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. बारा वर्षांच्या नोकरीनं मला उत्तरंच शिकवली होती. आणि कुठे शंका आलीच, तर लगेच ते वाक्य पुढे यायचं, कोर्स अर्धवट सोडायचा नाही. लोकांच्या दारात उभं राहून ज्यांना मी शिव्या घातल्या, ते काय म्हणतील? गोळीवाली बाईच पळाली! नाही बाप्पा. मरण पत्करलं असतं, पण ते ऐकलं नसतं. हे लिहिताना हसू येतं, तेव्हा अजिबात येत नव्हतं. तेव्हा रोज सकाळी उठल्यावर छातीत धडधडायचं, आणि त्या धडधडीवर मी चार गोळ्या टाकायचे.

पेशंटचं वजन मी दर महिन्याला करते. टीबीचं औषध लागू पडलं की वजन वाढतं, ही माझी आवडती खूण. स्वतःचं केलं नाही. ब्लाऊज ढिले झाले, मी ते आतून टाचले. काट्यावर मात्र उभी राहिले नाही.

मार्चपासून गोळी गिळता येईना. मग मी चारही गोळ्या वाटीत कुटायचे, त्यात गूळपाणी घालायचे आणि घोट घोट घ्यायचे. कुटायचे तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे. एखाद्या पेशंटनं असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

लालसूचं अंगण

तेंदूपत्त्याचे दिवस आले. जंगलाकडच्या टोल्यावर लालसू राहतो, पन्नाशी ओलांडलेला गोंड माणूस. त्याची सून माझी पेशंट. तिला गोळी द्यायला मी सकाळी गेले. लालसू अंगणात तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसला होता.

हा लालसू पाच वर्षांपूर्वी माझाच पेशंट होता, आणि कोर्स सोडून तेलंगणात मिरची तोडायला पळून गेला होता. त्याच्या बायकोकडून फोन नंबर घेऊन मी त्याला परत आणलं होतं. सगळ्या टोल्यासमोर त्याला पळपुटा म्हटलं होतं. तेव्हापासून तो मला पाहिलं की उगीचच जीभ बाहेर काढून दाखवायचा. चेष्टा म्हणून.

सुनेनं गोळी घेतली, जीभ दाखवली. मी निघाले तर लालसू म्हणाला, "बाई, तुमची बी सुरू हाय म्हणते ना गोळी? आज आमच्यासमोर घ्या न. आमाले बी पाहू द्या गंमत."

सगळे हसले. माझ्या पिशवीत त्या दिवसाची पट्टी होती, कारण सकाळी कुटायला वेळ मिळाला नव्हता. नाही म्हणाले असते तर विषय संपला असता. पण मला नाही म्हणता येत नाही. मी पट्टी फोडली, एक गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्यानं पाणी घेतलं.

पाणी नाकातून बाहेर आलं. गोळी घशात बसली. मी खोकत खोकत अंगणात वाकले, डोळ्यांपुढे अंधार आला, आणि शेवटी गोळी बाहेर पडली ती रक्ताच्या लाळेसोबत. शेणानं सारवलेल्या त्या स्वच्छ अंगणात. कोणी हसलं नाही. सुनेनं माझी पाठ धरली होती.

लालसू उठून जवळ आला. गोळीकडे पाहिलं, रक्ताकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, किती महिने झाले?"

"पाच."

"मी तिसऱ्या महिन्यात पळालो होतो. काऊन पळालो, मालूम? बरं वाटून राह्यलं होतं म्हून. भूक लागे, अंगात ताकद आली होती, मंग वाटलं, आता कायची गोळी. तुमाले बरं वाटते का?"

पाच महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता. मी फक्त विचारत होते की गोळी घेतली का.

मी म्हटलं, "नाई."

"मंग कायले थांबल्या?"

मी त्याच्या अंगणात, पानांच्या पुड्यांच्या बाजूला बसले आणि रडले. मोठ्यानं, लाज सोडून. लालसूनं मला पळपुटी म्हटलं नाही. त्यानं मोहाच्या झाडाखाली खाट टाकली आणि म्हणाला, "बसा उलीसं. मंग घरी जाऊन सांगा. आजच सांगा."

घरी जाऊन मिस्टरांना म्हटलं, "उद्या चंद्रपूरले जायचं." त्यांनी कायले म्हणून विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "हाव." आणि लगेच आधार कार्ड शोधायला लागले.

निदान

चंद्रपूरला डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली. नळीला कॅमेरा होता. समोरच्या पडद्यावर माझा घसा दिसत होता, आणि जिभेच्या मुळाशी फुलकोबीसारखं काहीतरी. मला सांगायची गरजच नव्हती. मी मिस्टरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे नाही, भिंतीकडे पाहत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

"कापणीपासून."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"टीबीच्या गोळ्या घेत होती."

"कोण देत होतं?"

"मी," मी म्हटलं.

डॉक्टरांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. मी पुन्हा तेच सांगितलं.

तुकड्याचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी घरी जशी वागले ते प्रज्ञाला विचारा. भांडी आपटली, शेजारच्या कोंबडीला दगड मारला, मिस्टरांच्या भातात खडा निघाला म्हणून त्यांचं ताट सरकवलं. रिपोर्ट आल्यावर मात्र शांत झाले. कॅन्सरच होता. गाठीतही पसरलेला, पण गळ्याच्या खाली गेलेला नाही. नागपूरला जायला सांगितलं. पाच महिन्यांपूर्वी फक्त एक तुकडा काढायचा होता. तेव्हा कुठवर असता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रांग

तुम्हाला वाटेल, निदान झालं म्हणजे सुटलो. नाही. आता दुसरी रांग लागते.

नागपूरला आधी सगळ्या अंगाचा फोटो. मग शेकणार की कापणार यावर डॉक्टरांची बैठक. ठरलं की कापायचं नाही, शेक, म्हणजे रेडिएशन, आणि त्याच्यासोबत आठवड्याला केमोची एक सलाईन. मग दातांचे डॉक्टर म्हणाले की शेकाआधी खराब दात काढावे लागतील, नंतर जबडा भरत नाही. माझे पाच दात काढले. मग त्या जखमा भरेपर्यंत थांबा. मग मशीनचा नंबर. गावाकडे रोवण्या सुरू झाल्या, आणि मी दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत खाटेवर बसून गाठीवर बोट ठेवून ती वाढली का पाहते. दर तासाला. तिथल्या बाईनं हात धरला शेवटी. म्हणाली, "बाई, असं सारखं दाबून ती जाणार नाही."

आधी मी उशीर केला तेव्हा घाई कोणालाच नव्हती. आता मला घाई झाली तर सगळ्या जगाला उशीर होता. खिडकीसमोर उभी राहून मी एकदा कारकुनाला म्हटलं, "भाऊ, माझा एक एक दिवस जाऊन राह्यला." तो चांगला माणूस होता. त्यानं माझ्या मागची रांग दाखवली आणि म्हणाला, "ताई, सगळ्यांचाच चालला आहे." मी पहिल्यांदा उत्तर न देता बाजूला झाले.

जाळी

शेकासाठी मुखवटा करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि तोंडावर, मानेवर, खांद्यांवर दाबून बसवतात. दोन मिनिटांत ती थंड होऊन टणक होते. तुमचं नाक, हनुवटी, ओठ, सगळं त्यात उमटतं. मग रोज ती जाळी घालून टेबलावर झोपायचं आणि तिचे खटके टेबलाला लावतात. डोकं तसूभर हलत नाही. सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं, आणि मशीन तुमच्याभोवती फिरायला लागतं.

पहिल्या दिवशी मी हात वर केला. मशीन थांबलं, पोरगी धावत आली, खटके काढले. मी उठून बसले आणि म्हटलं, "मी नाई करत. जा, लिहून घ्या, पेशंट पळाला."

ती विशीतली टेक्निशियन पोरगी. ती रागावली नाही, मनवलंही नाही. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला जाळीत काय वाटतं?"

मी सांगितलं, "जिवंत गाडल्यासारखं."

"डोळ्यांवरची जाळी कापली तर?"

मला कोणी सांगितलं नव्हतं की तसं करता येतं. तिनं वर विचारलं, परवानगी घेतली आणि डोळ्यांपुढची जाळी कापून दिली. छत दिसायला लागलं. छतावर गळतीचा पिवळा डाग होता. पस्तीस दिवस मी त्या डागाकडे पाहिलं. तेवढ्यानं मला वाचवलं असं म्हटलं तर डॉक्टर हसतील, पण मी म्हणते.

तरीही रोजची ती पंधरा मिनिटं मी कधी सवयीची करू शकले नाही. आत अडकलेली असताना मी माझ्या पेशंटची नावं घ्यायचे. ज्यांना रागावले त्यांची आधी. यादी लांब होती, शेक संपायचा तरी ती संपत नव्हती.

आंबील

तिसऱ्या आठवड्यात घसा सोलवटून निघाला. थुंकी गिळली तरी अंगावर काटा यायचा. चौथ्या आठवड्यात नाकातून नळी घातली, खाणं त्यातून. मिस्टरांनी आश्रमशाळेतून सुट्टी काढली होती. धर्मशाळेच्या सामायिक चुलीवर ते माझ्यासाठी आंबील करत, मग ती फडक्यातून तीनदा गाळत, आणि मग सिरिंजमध्ये भरून माझ्या नळीतून सोडत. एवढा मोठा माणूस, मोठाल्या पातेल्यांची सवय, आणि सिरिंज दोन्ही हातांनी धरायचा. मला चवही कळत नव्हती, नळीतून कसली चव? तरी ते दर वेळी विचारत, "मीठ बरोबर हाय का?" मी मान हलवायचे. बोलता येत नव्हतं, बरं झालं. बोलता आलं असतं तर चिडले असते.

सलाईन लावायच्या वॉर्डात एटापल्लीकडचा एक ट्रक चालवणारा माणूस होता, माझ्यासारखाच नळीवाला. आम्ही दोघंही मुके. तो सूरजागडच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक चालवायचा. पाटीवर लिहून दाखवायचा. एकदा त्यानं लिहिलं, 'दात दुखतो म्हणून आठ महिने दात काढत राहिलो. चार काढले.' मी खाली लिहिलं, 'मी टीबी.' तो हसला आणि हसताना दुखलं म्हणून त्यानं गाल धरला. त्यानं माझी कीव केली नाही, मी त्याची केली नाही. ती दहा मिनिटं फार चांगली गेली. माझा शेक संपला तेव्हा त्याचा अजून सुरू होता. पुढचं मला माहीत नाही.

प्रज्ञा दर रविवारी यायची. एकदा माझे केस विंचरताना मागचा पुंजका हातात आला. तिनं तो खिशात ठेवला. मी पाटीवर लिहिलं, 'तुझं ऐकलं नाही.' तिनं वाचलं, ओल्या कपड्यानं पाटी पुसली आणि म्हणाली, "आता ऐक. दूध घे, नळीतून सोडते."

बाक

शेक संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा सगळ्या अंगाचा फोटो. गाठ हाताला लागत नव्हती, नळी निघाली होती, पण तोंडात लाळ नाही, मान वळत नाही, पाण्याची बाटली जवळ असल्याशिवाय चार शब्द बोलता येत नाहीत. ते चालेल. प्रश्न एकच होता, रोग आत आहे की गेला. रिपोर्ट दुपारी मिळणार होता. मी आणि मिस्टर दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. कुठे जाता येत नव्हतं, काही करता येत नव्हतं.

मिस्टर म्हणाले, "एक सांगायचं होतं. रिपोर्ट खराब आला तं मंग मले सांगताच येणार नाई. म्हून आताच सांगतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"संक्रांतीच्या आधी तुह्या उशीवर रक्त दिसलं होतं. लाळेतलं. उलीसं. मंग चार-पाच वेळा दिसलं. तू उठायच्या आधी मी खोळ धुऊन टाकत होतो."

संक्रांत. म्हणजे लालसूच्या अंगणाच्या चार महिने आधी. मला ते आठवलंही नाही, कारण मला ते दिसलंच नव्हतं. मिस्टर हल्ली उशीच्या खोळी धुतात, हे मात्र दिसलं होतं, आणि मी म्हटलं होतं, काय कौतुक!

"सांगितलं काऊन नाई?"

ते म्हणाले, "तू म्हटली असती, हिरडीतून येते, तुमाले काय समजते. प्रज्ञावर कशी ओरडली होती तू. मले वाटलं, तुले सगळं मालूम हाय, तू पाहून राह्यली. आणि..." त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "आणि मी तुले भेतो. खरं सांगतो. मी भेलो, म्हून नाई सांगितलं."

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. आधी राग आला. चार महिने! या माणसानं माझं रक्त धुतलं आणि गप्प बसला! आणि मग कळलं की हा राग, हाच, त्यांनी बावीस वर्षं पाहिला आहे. यालाच भिऊन ते गप्प बसले. माझ्या घरात मला कोणी काही सांगू शकत नाही, हे मी इतकं पक्कं करून ठेवलं होतं की माझा जीव जात होता तेव्हाही कोणी सांगितलं नाही. मला एवढं रडू आलं, पण डोळ्यांतही आता पाणी कमी येतं. बाटलीतलं पाणी पीत मी बसून राहिले. त्यांचा हात धरावासा वाटला, धरला नाही. धरायला हवा होता.

तेवढ्यात नाव पुकारलं. आत नवे डॉक्टर होते, तरुण, आमचे नेहमीचे रजेवर. त्यांनी रिपोर्ट वाचला, फोटो पडद्यावर लावला, मग हसले.

"छान आहे. सध्या कुठेही काही दिसत नाही. अजून दोन वर्षं दर दोन महिन्यांनी यायचं, पण आज आनंदाची बातमी आहे." आणि मिस्टरांकडे वळून, अगदी मनापासून म्हणाले, "काका, तुम्ही यांना वेळेत आणलंत म्हणून हे शक्य झालं."

मिस्टरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. डॉक्टरांना वाटलं, आनंदानं.

मी म्हटलं, "सर, वेळेत नाई आणलं. उशीर झाला. मी ऐकून घेतलं नाई म्हून झाला, आणि याईले सांगायची भीती वाटली म्हून झाला. आम्ही दोघांनी मिळून केला."

डॉक्टर गोंधळले. म्हणाले, "आता सगळं ठीक आहे ना काकू. जाऊ द्या ते."

"नाई जाऊ देत," मी म्हटलं. घसा कोरडा पडला होता, मी पाणी प्यायले आणि पुन्हा म्हटलं, "नाई जाऊ देत सर. वाचली म्हून तं सांगून राह्यली."

मिस्टर अजून मान वर करत नव्हते. मी त्यांच्या हातातून फाइल घेतली आणि डॉक्टरांना पुढची तारीख विचारली.